एकघावाच्या घरी टेपर

मी टेपर बोलतोय. टेपरेकॉर्डर नव्हे. तो बिचारा केव्हाच गेला, आणि गेला तोही एकदम. मी क्रियापद आहे, जन्माने इंग्रज. पण तुमच्या बोलण्यात इतकी वर्षं राहतोय की आता मला कोणी पाहुणा म्हणत नाही, आणि घरचाही म्हणत नाही.

माझा धंदा एकच. हळूहळू कमी होत जाणं. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक आणि मध्ये कुठेही पायरी नाही. कमी कधी झालं हे कोणालाच सांगता येऊ नये, एवढ्या बेताने झालं पाहिजे. ऐकूनच जांभई आली ना? येणारच. धाडकन पडणाऱ्या गोष्टी बघायला तुम्ही रस्त्यात गाड्या थांबवता. हळूहळू होणाऱ्या गोष्टीसाठी कोण थांबतंय?

माझा जन्म मेणबत्तीच्या पोटी झाला. फार जुन्या इंग्रजीत बारीक मेणबत्तीला माझ्याच नावाने ओळखत. त्याच्याही मागे गेलात तर पाण्यात उगवणारं पपायरस नावाचं गवत लागतं. त्याच्या गाभ्याची वात करत आणि त्याच गवताचा लिहायला कागदही करत. म्हणून पेपर हा माझा चुलतभाऊ. आमच्या नावात पूर्वी दोन ‘प’ होते, पण कोणाची तरी जीभ कंटाळली आणि माझ्या पहिल्या ‘प’चा ‘ट’ झाला. असं शब्दांचे अभ्यासक सांगतात आणि लगेच पुढे ‘बहुधा’ म्हणतात. एवढी शतकं झाली, माझ्या बापाच्या नावापुढचा ‘बहुधा’ काही हटत नाही. चुलतभाऊ मात्र कोर्टात, कचेरीत, परीक्षेत मानाने बसलाय. मी आपला वातीची वातच राहिलो.

पुढे मेणबत्तीचं क्रियापद झालो. तेव्हा माझं काम कमी होण्याचं नव्हतंच. ज्योतीसारखं वर उसळायचं, मनोऱ्यासारखं निमुळतं होत आभाळात चढायचं, हे माझं काम होतं. लोक मान वर करून मला वापरत. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की जे चढत जातं ते बारीकही होत जातं. झालं. चढणं सगळे विसरले, बारीक होणं तेवढं लक्षात ठेवलं. माणसांची ही जुनी खोड आहे. तुम्ही आयुष्यभर चढलात तरी शेवटी शेजारी एवढंच म्हणतो, ‘बरेच खंगलेत हो.’

आता मला कोण कोण राबवतं म्हणून सांगू? न्हावी कानाजवळचे केस बारीक करत नेतो आणि पाटीवर ‘टेपर कट’ लिहून जास्त पैसे घेतो. शिंपी पॅन्टची घोट्याजवळची मोहरी आवळतो, तो मीच. लांब पल्ल्याचे धावणारे शर्यतीआधी सराव कमी करतात आणि त्या आळसाला माझं नाव देतात. मोठ्या बँका बाजारात पैसा ओतणं कमी करणार असल्या की मलाच पुढे करतात. ‘आम्ही टेपर करू’ असं त्या नुसतं म्हणाल्या तरी शेअरबाजार कोसळतो. म्हणजे ‘हळूहळू’ हा शब्द ऐकून लोक एकदम पडतात. यावर मी काय बोलणार.

मैत्रीत तर तुम्ही मला न विचारता वापरता. आधी रोज फोन. मग वाढदिवसाला फोन. मग वाढदिवसाला केकचं चित्र. मग दुसऱ्याने पाठवलेल्या केकच्या चित्राला अंगठा. एवढी सफाईदार कारागिरी कुठल्या मशीनवर होत नाही. पण कोणी विचारलं तर म्हणता, ‘काय सांगू, एकदम संबंधच तुटले.’

ते जाऊ दे. मला सांगायचंय ते एका घराबद्दल. या घरात मी दोन माणसांकडे कामाला होतो, आणि त्यातल्या एकाला याचा पत्ताच नव्हता.

त्याला सगळे एकघाव म्हणतात. एका वर्कशॉपमध्ये लेथवर टर्नर आहे. लेथ म्हणजे लोखंडाचा तुकडा गरगर फिरवायचा आणि धारदार हत्यार लावून सोलत सोलत हवा तसा गोल करायचा. ‘आपलं काम एक घाव दोन तुकडे,’ असं तो ऊठसूट म्हणायचा, म्हणून हे नाव पडलं. पहिल्या साहेबाशी वाजलं, त्याच दुपारी नोकरी सोडली. मोठ्या भावाने वाटणीत लाकडी कपाट मागितलं, त्याच दिवसापासून भावाशी बोलणं बंद. ते कपाट भावाकडे गेलं आणि त्याचं दार नीट लागत नाही, असं पुढे कळलं तेव्हा मात्र आठवडाभर याच्या चेहऱ्यावर तेज होतं.

आणि हाच माणूस मशीनवर उभा राहिला की माझा भक्त. निमुळता दांडा करायचा असला की मालक दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे. एकघाव टूल किंचित तिरकं लावायचा, केसाएवढं लोखंड काढायचा, थांबायचा, बोट फिरवून बघायचा, पुन्हा केसाएवढं. मग दांड्याला निळा रंग लावून तो ज्या भोकात बसायचा त्यात फिरवायचा. रंग सगळीकडे सारखा पुसला गेला तरच टेपर बसला म्हणायचं. असा बसलेला टेपर नट न लावता, बोल्ट न लावता नुसत्या अंगाने धरून राहतो. काढायचा तर पाचर ठोकावी लागते. ‘घाई केली की टेपर मेला,’ असं तो नवीन लोकांना बजावायचा. संध्याकाळी हात धुवायचा आणि मला मशीनवरच ठेवून घरी जायचा. मशीनवर संत आणि घरात कुऱ्हाड.

घरी त्याची बायको शिवणकाम करायची. नवीन कपडे कमी, दुरुस्त्या जास्त. बाह्या आखूड करा, कंबर सैल करा, मोहरी टेपर करा. ती कधी एकदम कात्री चालवत नसे. आधी कच्चा टाका घालायची, गिऱ्हाइकाला घालून बघायला लावायची, मग आणखी थोडं आत घ्यायची. ‘कापलेलं परत येत नाही, उसवलेलं येतं,’ असं म्हणायची. आणि मला ती शिवणयंत्राजवळ सोडत नसे. मला कडेवर घेऊन घरभर फिरायची.

साखरेचंच घ्या. डॉक्टरांनी एकघावाला साखर बंद करायला सांगितली. तो म्हणाला, “जमणार नाही.”

बायको म्हणाली, “बरं.”

तिने ‘बरं’ म्हटलं की मी तयारीला लागतो. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या चहातली साखर चमच्याच्या टोकाएवढी कमी झाली. काही आठवड्यांनी आणखी टोकाएवढी. असं करत करत चमचा नुसताच ढवळायला उरला. मग एकदा तो दुसऱ्याच्या घरी चहा प्यायला, तोंड वाकडं केलं आणि घरी येऊन जाहीर केलं, “आजपासून बिनसाखरेचा. एक घाव दोन तुकडे.”

“बाई गं, केवढा निश्चय,” बायको म्हणाली आणि बिनसाखरेचा चहा पुढे ठेवला. तो कालच्यासारखाच होता.

सिगारेटचंही तेच. रोजच्या पाकिटातून ती एक काढून घ्यायची, पुढे दोन, पुढे तीन. एकघाव मोजणारा माणूस नव्हे. मोजणारे कंजूस असतात, हे त्याचं आवडतं मत. काढलेल्या सिगारेटी फेकायला तिचा जीव होईना, म्हणून खालच्या मजल्यावर दुकान असलेल्या न्हाव्याला नेऊन द्यायची. न्हावी दुकानामागे उभा राहून फुकट ओढायचा आणि ‘वहिनींच्या हाताला पुण्य आहे’ म्हणायचा. दिवसाला जेमतेम दोन उरल्या तेव्हा एकघावाने पाकीट चुरगाळलं, सगळ्यांसमोर खिडकीबाहेर फेकलं आणि ठरलेलं वाक्य म्हणाला. टाळ्या वाजवायला न्हावी सगळ्यात पुढे होता.

घरात मी एवढा राबलो, पण नाव कोणाचं? घावाचं. मला सवय आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. बायकोला जायचं होतं.

तिच्या जुन्या मैत्रिणीने बसने अर्ध्या दिवसावर असलेल्या एका गावात मुलींसाठी शिवणशाळा काढली होती आणि कटिंग शिकवायला हिला बोलावत होती. वर्षभर राहायचं, अधूनमधून घरी यायचं. आयुष्यभर लोकांनी घालून जुने केलेले कपडे हिने उसवले होते. कोऱ्या कापडावर खडूने पहिली रेघ ओढायला कोणाला तरी शिकवावं, एवढीच तिची इच्छा होती. फार मोठी नव्हे, पण तिची स्वतःची होती.

“जा ना आई,” लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेलेली मुलगी फोनवर म्हणायची. “बाबा काय लहान आहेत?”

“लहान असते तर शिकवलं असतं,” बायको म्हणायची.

खोटं नव्हतं ते. लोखंडातला केसाएवढा फरक बोटाने ओळखणाऱ्या माणसाला स्वतःचे मोजे सापडत नव्हते. गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरतं याबद्दल त्याचे फक्त अंदाज होते. त्यात त्याला आजारपण आलं.

फुप्फुसांना सूज आली. चार पायऱ्या चढला की धाप लागायची. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि महिन्याभरात माणूस उभा राहिला. चेहरा तेवढा उशीसारखा फुगला. पुढच्या तपासणीला बाई म्हणाल्या, “छान आहे. आता या टेपर करायच्या. मी सांगेन तशा. एकदम बंद करायच्या नाहीत.”

“डॉक्टर, टेपर मला सांगता?” एकघाव हसला. “उभं आयुष्य तेच केलंय.”

बाईही हसल्या. बाहेर रांग होती. मी त्या खोलीत सगळ्यांत शेवटी आलो आणि सगळ्यांत आधी विसरला गेलो. दवाखान्यात माझं नेहमी असंच होतं. आजाराचं नाव सगळ्यांना पाठ असतं, गोळीचा रंग पाठ असतो, आणि ती सोडायची कशी हे सांगेपर्यंत माणूस चपला घालत असतो.

तरी बायको होती तोवर मी होतो. ती गोळ्या मोजून हातावर ठेवायची. त्याला बरं वाटायला लागलं, तो वर्कशॉपला जायला लागला. तेव्हा तिने धीर केला. मैत्रिणीची शाळा बघून येते म्हणाली, आठवडाभरासाठी. खरं कारण तिने सांगितलं नाही. ती फक्त अंदाज घेत होती, कच्चा टाका घालून बघत होती. जेवणाची सोय केली, मोजे वरच ठेवले, गोळ्या डबीत भरून दिल्या.

ती गेली त्याच संध्याकाळी एकघाव आरशासमोर उभा राहिला. फुगलेला चेहरा बघितला, छाती भरून श्वास घेतला. कुठे अडकत नव्हता. “बरा झालोय मी,” तो आरशाला म्हणाला. आरसा कोणालाच नाही म्हणत नाही. त्याने डबी उचलली आणि कचऱ्यात टाकली. वाक्य तुम्हाला ठाऊक आहे. गरज सरो, वैद्य मरो.

मी कचऱ्याच्या टोपलीतून बघत होतो. पहिले दोन दिवस काही झालं नाही, म्हणून तो अधिकच खूश. मग जेवण जाईना. मग हातपाय गळाले. तो वर्कशॉपला गेला नाही, अंथरुणातून उठला नाही, उलट्या सुरू झाल्या. आणि बायकोने फोन केला की म्हणायचा, “मस्त आहे. तू बघ तुझी शाळा.”

शेवटी तिने न्हाव्याला फोन केला. “त्यांचा आवाज बरा नाही वाटत. जरा वर जाऊन बघता का?”

न्हावी हातातलं गिऱ्हाईक अर्धवट सोडून वर गेला. एकघाव मोरीच्या दारात पडला होता. अंग गार, डोळे अर्धे उघडे, ओळख नाही. न्हाव्याने आणि त्या अर्ध्या केस कापलेल्या गिऱ्हाइकाने मिळून त्याला उचललं आणि दवाखान्यात नेलं.

बायको मिळेल त्या बसने निघाली. सगळा रस्ता तिने पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरून ठेवला होता. ती पोचली तोवर इंजेक्शनं देऊन, बाटली लावून त्याला परत आणलं होतं.

“गोळ्या कोणी बंद केल्या?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“मी.”

“का?”

“बरं वाटत होतं.”

“गोळ्यांमुळे बरं वाटत होतं.” त्या खुर्ची ओढून बसल्या. या वेळी बाहेरच्या रांगेकडे त्यांनी बघितलं नाही. “तुमच्या शरीरात एक ग्रंथी आहे. या गोळीत जे आहे ना, ते ती स्वतः बनवते. बाहेरून आयतं मिळायला लागलं की ती काम सोडून झोपते. मग बाहेरचं एकदम बंद केलं तर ना बाहेरचं, ना आतलं. तिला जागं करायला वेळ द्यावा लागतो. थोडं कमी केलं की ती थोडी उठते. आणखी कमी केलं की आणखी उठते. घाई केलीत तर पुढच्या वेळी मी काही करू शकणार नाही.”

“आयतं मिळालं की झोपते,” एकघाव पुटपुटला. “अगदी आमच्या मालकाच्या मेहुण्यासारखी.”

बायको हसली नाही. ती त्याच्याकडे बघत होती. गिऱ्हाइकाच्या अंगावरचा कपडा बघताना ती जसं बघते, तसं. मी तिला ओळखून आहे. ती मनात ‘बरं’ म्हणाली होती.

गोळ्या पुन्हा मोठ्या डोसापासून सुरू झाल्या. शिवणशाळेत राहायला जायचं नाव तिने घरात काढलं नाही. मुलीला मात्र फोनवर म्हणाली, “जाणार आहे. पण मी एकदम गेले तर हे उरायचे नाहीत. आधी उठवते त्यांना.”

एके दिवशी तिचे दोन्ही हात कापडात गुंतलेले होते. “अहो, तेवढं पाणी ठेवता का चहाला?” त्याने ठेवलं. गॅस डावीकडे फिरतो हे कळलं. काही दिवसांनी पाणी ठेवणाऱ्यानेच पत्ती टाकली. मग भाजी आणायला हिचा पाय दुखायला लागला. पाय फक्त भाजीच्या वेळी दुखायचा. मग कपाटातला मोज्यांचा खण हळूच रिकामा झाला आणि मोजे दोरीवरून काढून घड्या घालणं हे आपलंच काम होतं असं त्याला वाटायला लागलं. दुपारी जेवायच्या वेळी हिला डोळा लागायचा. मी सांगतो, तो डोळा अजिबात लागत नसे. भांड्यांचा आवाज ऐकत ती पडून राहायची आणि काही फुटलं की कूस बदलायची. मग मैत्रिणीला मदत म्हणून एक दिवस गेली. मग दोन दिवस. गोळी कमी होत होती, तसतशी तीही.

आणि एकघाव? तो न्हाव्याला सांगत होता, “मी ठरवलं, आता घरातलं सगळं आपण करायचं. त्याच दिवसापासून सुरू.” सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते उगाच नाही.

फुटलं ते न्हाव्याच्या तोंडून. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, तरी ही एक गोष्ट त्याने एवढी वर्षं कशी धरून ठेवली याचंच मला नवल. एकघाव दाढीला बसला होता, गालभर फेस, आणि शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला ऐकवत होता की सिगारेट सोडायला मनगटात जोर लागतो.

“खरंय,” न्हावी वस्तरा चालवत म्हणाला. “तुमचा ब्रँड मात्र झकास होता. वहिनी रोज आणून द्यायच्या तेव्हा आपली काय चैन होती.”

“कोण आणून द्यायचं?”

वस्तरा थांबला. न्हाव्याने आरशात बघितलं, छताकडे बघितलं, शेजारच्या गिऱ्हाइकाकडे बघितलं. मग सगळं सांगून टाकलं, कारण अर्धं सांगण्याची त्याला सवय नव्हती.

एकघाव तसाच उठला. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस, गळ्यात न्हाव्याचं फडकं. जिना चढून घरात आला. बायको मशीनवर बसली होती.

“सिगारेट?” तो म्हणाला.

तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं, फडक्याकडे बघितलं. “सांगितलं का त्याने,” ती म्हणाली आणि पाय चालवत राहिली.

“साखर?”

“तीही.”

तो खुर्चीवर बसला. फेस गळ्यात उतरत होता. “म्हणजे मी आजवर एकही गोष्ट एकदम सोडलेली नाही?”

“सोडलीत की. पहिली नोकरी सोडलीत. भावाला सोडलंत.” तिने दोरा तोडला. “त्या दोन तुम्ही एकट्याने केल्यात. मला विचारलं नव्हतंत.”

त्याने इकडेतिकडे बघितलं. ओट्यावर सकाळी त्यानेच विसळलेले कप उपडे होते. दोरीवर त्यानेच वाळत घातलेला शर्ट होता. कोपऱ्यात तिची प्रवासाची पिशवी होती. ती पिशवी हल्ली माळ्यावर जातच नव्हती. टर्नर माणूस. कुठे किती उतरलंय, हे त्याला शेवटी दिसलंच.

“आणि आता काय कमी करतेयस?” त्याने विचारलं.

मशीन थांबलं.

“मला,” ती म्हणाली.

एकघाव टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला, लेथवरचा दांडा तपासताना फिरवतो तसं. मग तिने शिवणशाळेत वर्षभर शिकवायला जायचं सगळं सांगितलं.

“हे आधीच का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, जा. त्याच दिवशी. पिशवीही तुम्हीच भरली असतीत. आणि मी गेल्यावर...” तिने मशीनवरचं कापड बाजूला सारलं. “त्या दिवशी बसमध्ये मला वाटलं होतं, मी पोचेन तेव्हा तुम्ही नसाल. फार भीती वाटली मला. आणि रागही आला तुमचा. एवढा राग आला की वाटलं, हा माणूस जगू दे, म्हणजे मला याला चांगलं बोलता येईल.”

“मग बोलली नाहीस.”

“हळूहळू बोलतेय,” ती म्हणाली.

तो ‘जाऊ नकोस’ म्हणेल असं मला वाटलं होतं. किंवा ‘आत्ता जा’ म्हणेल. मला त्याची एवढीच दोन वाक्यं माहीत होती. त्याने फडक्याने गालावरचा फेस पुसला.

“किती झालंय?” त्याने विचारलं.

“अर्ध्याच्या पुढे.”

“मग घाई करू नकोस,” तो म्हणाला. “घाई केली की टेपर मरतो.”

आणि उरलेली दाढी करायला खाली गेला.

तुम्हाला वाटेल, माणूस सुधारला. छे. आता तो वर्कशॉपमध्ये उभं राहून ‘एकदम काही सोडू नये’ यावर भाषणं देतो, जणू मला त्यानेच जन्माला घातलं. आता बापाच्या नावापुढे ‘बहुधा’ लावायला नको, एवढंच समाधान. पण एक गोष्ट मी मान्य करतो. इतक्या वर्षांनी त्याने भावाला निरोप पाठवला. माफी नाही, ख्यालीखुशाली नाही. एवढंच, की ‘कपाटाच्या बिजागरीला तेल लाव.’ दोन आठवड्यांनी भावाचं उत्तर आलं, ‘लावलं. तरी लागत नाही.’ पुढच्या महिन्यात हा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जाणार आहे. बारीक टोकाकडून धरलं तर मी वाढतही जातो, हे माझं मीच विसरलो होतो.

डॉक्टरीणबाईंनी शेवटची अर्धी गोळीही थांबवली. ग्रंथी जागी झालीय म्हणाल्या. त्यानंतर बायको वर्षभरासाठी निघाली.

तो तिला सोडायला फाटकापर्यंत जाणार होता. फाटकापर्यंत गेला, मग पिशवी जड आहे म्हणून स्टॉपपर्यंत गेला. गिऱ्हाईक खुर्चीत ठेवून न्हावीही दारात येऊन उभा होता. बस आली. ती चढली, खिडकीपाशी बसली, आणि बघते तो हाही चढून शेजारी येऊन बसला.

“अहो, तुम्ही कुठे?”

“पुढच्या स्टॉपला उतरतो.”

पुढचा स्टॉप आला. तो उठला नाही. त्याच्या पुढचाही गेला. तिने पिशवी मांडीवरून खाली ठेवली. कंडक्टर आला, तेव्हा एकघावाने तिचं पूर्ण तिकीट काढलं आणि स्वतःचं आपल्याच गावाच्या वेशीपर्यंतचं.

“एकदम नाही सोडायचं,” तो कंडक्टरला म्हणाला. “डॉक्टरांनी सांगितलंय.”

वेशीवर तो उतरला. बस बारीक होत होत दिसेनाशी झाली तोवर उभा राहिला आणि मग चालत घरी आला. पायातले मोजे त्याने स्वतः घडी घातलेले होते आणि चहा घरी जाऊन त्यालाच करायचा होता.

मीही आता निघतो. माझी काही मोठी मागणी नाही. उद्या कोणी तुमच्यासमोर छाती ठोकून ‘मी अमुक एका दिवसात सोडलं’ म्हणाला, तर त्याचं कौतुक खुशाल करा. फक्त घरात जाऊन त्याच्या बायकोकडेही एकदा बघा. ती ‘बरं’ म्हणाली, तर समजा मी तिथेच कुठेतरी आहे.